एक मेला तरी दुसरा आहे

रेडिओवरची विमानं उडवणाऱ्यांकडे विमानं कमी आणि किस्से जास्त असतात. कारण सोपं आहे. विमान पडलं की मोडतं, किस्सा मात्र शाबूत राहतो! उरवड्याच्या पुढे तात्या म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या माळावर आम्ही चौघं दर रविवारी सकाळी जमतो, आणि तिथले किस्से तर संपता संपत नाहीत.

चौघं म्हणजे कांबळे सर, लवळ्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. विक्रम, बावधनचा आयटीवाला. मंजिरी, दातांची डॉक्टर. आणि मी, ज्याचं इंजिन नेहमी सगळ्यांत शेवटी स्टार्ट होतं तो. आमची विमानं म्हणजे खेळणी नव्हेत. हॉलमध्ये एक आणलं तर सोफा बाहेर काढावा लागतो. पोटात पेट्रोल इंजिन आणि एक काडेपेटीएवढा रिसीव्हर. आपल्या हातातल्या रिमोटचं ऐकणारा तेवढाच एक. तो मेला की विमानाचा धोंडा होतो!

*

पहिला धोंडा विक्रमचा. छान वळत होतं, आणि अचानक सरळ तात्यांच्या घराकडे निघालं. विक्रम रिमोट हलवतोय आणि ओरडतोय, "माझ्या हातात नाहीये! माझ्या हातात नाहीये!"

विमान कडब्याच्या गंजीत शिरलं. गंजीच्या पलीकडे तात्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हैस पिळत बसल्या होत्या. आम्ही धावत गेलो, तर काकू पालथी बादली घेऊन उभ्या. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दूध सांडलं."

विक्रम कडब्यातून पंखाचे तुकडे वेचू लागला. तात्या बोलू लागले.

"काय बी खेळा, पन हे मोटं धूड हितं पुन्ना पडलं, तर माळाचं प्लॉट पाडून इकून टाकीन. एजंट रोज फोन करतोय. माणूस मेलं असतं माजं!"

पुण्याच्या आसपास असा दुसरा माळ आता उरला नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. आणि काकूंचा चेहरा तर डोळ्यांपुढून हलत नव्हता.

*

त्याच दिवशी कांबळे सरांनी फर्मान काढलं. मोठ्या विमानात रिसीव्हर दोन. एक मेला तरी दुसरा आहे!

पुढच्या रविवारी विक्रम दोन रिसीव्हर लावून ऐटीत आला. सरांनी झाकण उघडलं. "बॅटरी किती?"

"एक."

"स्विच?"

"एक."

सरांनी तो स्विच दाबला. दोन्ही रिसीव्हरचे हिरवे दिवे एकदम विझले. सर म्हणाले, "चांगलंय. मरताना एकमेकांना सोबत होईल!"

मग सगळंच जोडीनं आलं. रिसीव्हर दोन, बॅटऱ्या दोन, स्विच दोन. स्विचही सरांनी खास निवडलेले. शेवटी जसा ठेवाल तसाच राहणार. बॅटरीला बाहेरून वेगळा कप्पा; झाकण न उघडता बॅटरी काढा, घरी नेऊन चार्ज करा, परत लावा, स्विच चालू होता तर चालूच! "हवेत धक्का बसला, क्षणभर वायर सुटली, तरी हा विसरणार नाही," सर अभिमानानं म्हणाले.

*

मंजिरीनं सगळं दोन-दोन लावलं, पण जागा वाचवायला दोन्ही रिसीव्हर शेजारी शेजारी चिकटवले, धातूच्या सायलेन्सरच्या मागे. ती तशीच दोन रविवार उडवत होती. तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, लांबून तपासू. मंजिरी रिमोट घेऊन माळाच्या टोकाला, आणि मी अन् विक्रम विमान उचलून हळूहळू फिरवतोय. डावीकडे कललं, पंखांच्या झडपा हलताहेत. उजवीकडे कललं, दोन्ही रिसीव्हर सायलेन्सरच्या आड गेले आणि पंख ठार गप्प!

मंजिरी रिमोट घेऊन धावतच आली. "म्हणजे मी इतके दिवस उजवीकडे वळले असते तर?"

"वळली का नाहीस पण?" विक्रमनं विचारलं.

"सवय रे! चांदणी चौकात उजवीकडे वळायची कधी हिंमत झालीय का माझी?"

*

मग आली खंडेनवमी. तात्यांकडे त्या दिवशी नांगर, कोयते, ट्रॅक्टर, मोटार, सगळ्यांची पूजा. तात्या म्हणाले, "तुमची इमानं बी आणा. हत्यारंच हायेत ती!" चार विमानं ओळीनं लागली, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, पंख्यांना झेंडूच्या माळा घातल्या.

कांबळे सर म्हणाले, "काकू, तुमची पूजा झाली. आता माझी टेस्ट."

वर्षाची मोठी टेस्ट. सगळ्यांची विमानं सर स्वतः तपासणार. चारही झाकणं उघडी. एक नंबरचे रिसीव्हर बंद केले, चारही विमानांचे पंख हलले. चालू केले. दोन नंबरचे बंद केले, तरी पंख हलले! टाळ्या. तेवढ्यात काकूंनी हाक मारली, "पुरनपोळी तव्यावरनं उतरलीया, गार करू नगा!" पटापट झाकणं लावून आम्ही पंगतीला पळालो.

त्या दिवसापासून आम्ही बिनधास्त झालो.

*

एजंट एकदा खरंच गिऱ्हाईक घेऊन आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे. त्याच वेळी सरांचं विमान डोक्यावरून असं खाली आलं की गिऱ्हाईक बाभळीच्या बुडाशी पालथं! उठून, कपडे झटकत त्यानं विचारलं, "ही रोज उडतात का?"

तात्यांनी पापणीही हलवली नाही. "रोज. रातची बी."

गाडी गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "बगताय काय? पडू तेवडं दिऊ नगा म्हंजी झालं."

*

थंडीत एकदा चहा पिताना मंजिरी म्हणाली, "बॅटरी काय सुंदर मिळालीय रे! एक नंबरची दर वेळी चार्ज करते, पण दोन नंबरची उतरतच नाही!"

"माझीपण!" विक्रम म्हणाला.

"माझीसुद्धा," मी म्हणालो. मग कुठल्या दुकानातून घेतली यावर चर्चा झाली, आणि आणखी तशाच मागवायचं ठरलं.

*

जत्रेला तात्यांचे व्याही आले होते. घरातली सगळी मंडळी माळावर खुर्च्या टाकून बसली. काकू सगळ्यांत पुढे. कांबळे सरांनी त्या दिवशी कमाल केली. उलटं उडवलं, घराच्या कौलांवरून नेलं, काकूंच्या समोरून पदर उडेल इतकं जवळून काढलं आणि अलगद टेकवलं.

तात्या उठले. "पावनं, उगं उडत न्हाई ते. आत दोन-दोन मशीनी हायेत. एक मेलं तरी दुसरं हाय! सर, दावा की जरा उघडून."

सरांनी हसत झाकण उघडलं.

आत एकच दिवा हिरवा होता.

सरांनी दोन नंबरच्या रिसीव्हरला बोट लावलं. मग त्याच्या बंद स्विचकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, रंग तेवढा गेला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खंडेनवमीला... पंगतीला पळायच्या आधी... मी शेवटी काय केलं होतं?"

मंजिरी उठली आणि तिच्या विमानाकडे चालत गेली. विक्रम त्याच्याकडे. मी माझ्याकडे. तिघांनी बॅटऱ्या जोडल्या आणि आत डोकावून पाहिलं. तिन्हींतही एक-एकच दिवा हिरवा होता. काकू व्याह्यांना चहा देत होत्या.

"काय वो, काय झालं?" तात्या लांबून ओरडले. "कुनाचं पडलं काय?"

"नाही तात्या," कांबळे सर म्हणाले. "एकाचंही नाही."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग! म्या काय म्हनलं, पावनं? दोन असल्यावर पडतंच न्हाई!"