संबळ थांबेपर्यंत

चार बहिणींचा एकुलता एक भाऊ असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते खांद्यावर येऊन बसतात! आमच्या सुरगाण्याकडे हळदीच्या दिवशी मामाने नवऱ्यामुलाला नाहीतर नवरीला खांद्यावर घेऊन नाचायचं. संबळ थांबेपर्यंत त्यांचे पाय जमिनीला टेकवायचे नाहीत. पूर्वी अख्खं गाव हातात हात गुंफून मामाभोवती नाचायचं. आता डीजे आला, पण या एका नाचाला संबळच लागतो.

*

पहिला मान थोरल्या बहिणीच्या राजूचा. मी तेव्हा जवान, अंगात भलताच जोश. हळदीने माखलेला पोरगा दिसला, उचलला, दोन फेऱ्या नाचलोसुद्धा. मग कानाशी हळूच आवाज आला, "मामा, मी करवला आहे." राजू बिचारा पाटावरच बसून टाळ्या वाजवत होता.

*

दुसऱ्या बहिणीच्या विलासच्या वेळी मांडव बुटका निघाला. मी जोरात गिरकी घेतली आणि त्याच्या मुंडावळ्या तोरणात अडकल्या. फोटोत नवरदेव बोडका आहे, मुंडावळ्या वर लोंबतायत. त्याच्या सासरचे अजून तो फोटो काढून दाखवतात.

*

आमचे संबळवाले सोमादादा डोळे मिटून वाजवतात. तिसरीच्या मंगलच्या हळदीला माझी कंबर गेली, म्हणून मी जोरजोरात हात हलवून थांबा म्हणालो. लोकांना वाटलं मामा रंगात आला, तेही हात हलवायला लागले. शेवटी बहिणीने सोमादादांच्या नाकाखाली चहा धरला, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

*

यंदा शेवटची भाची, धाकट्या यमुनेची सुनीता. आश्रमशाळेत पीटीची मॅडम. आणि नेमकं माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

सुनीताला वडील नाहीत. बाप नाही आणि मामाही मागे सरला, असं लोक म्हणतील, याची यमुनेला धास्ती. तिने फोनवर तीनदा माझ्या गुडघ्याची चौकशी केली. चुलतभावाने उचलावं असं कोणीतरी सुचवलं, तर सुनीताने साफ नाही म्हटलं. नाचेन तर माझ्या मामासोबतच, म्हणाली.

हळदीला संबळ सुरू झाला. म्हटलं, गुडघा गेला तर गेला. मी वाकलो, तर सुनीता म्हणाली, "मामा, तुम्ही नुसते सरळ उभे राहा." पदर खोचला आणि मला उचलून थेट खांद्यावर घेतलं!

मांडवात एकच गलका. बायकांनी हात गुंफून आमच्याभोवती फेर धरला. खरं सांगतो, इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. सोमादादा डोळे मिटून वाजवतच होते. चार फेऱ्या झाल्या. मला लाजल्यासारखं झालं, म्हणून खाली उतरायला पाय सोडले.

तोच यमुना डोळे पुसत पुढे आली.

"सुनीते, मामाचे पाय टेकू देऊ नको. संबळ चालू हाय अजून."