आबांचा चहा आणि सुहासचा एआय

आमच्या फॅक्टरीच्या मागचा काजूच्या टरफलांचा ढीग कधी कमी होत नाही. किश्श्यांचंही तसंच. एक उचलून बाजूला टाकावा तोवर चार नवे येऊन पडतात! त्यात ऑफिसात एआय आला, मग तर विचारूच नका.

कुडाळ एमआयडीसीत आमची काजू आणि कोकम सरबताची फॅक्टरी. मालक आबा. मी स्टोअर आणि कॉम्प्युटर सांभाळतो. माल किती शिल्लक आहे, गोव्याची गाडी निघाली का, काहीही हवं असलं तरी आबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायचं, ही जुनी पद्धत. आबा अंदाजाने सांगणार, थर्मासातला चहा पाजणार आणि वर घरच्यांची चौकशी करणार. मग पुण्यात वाढलेला त्यांचा पुतण्या सुहास इथे आला आणि त्याने कंपनीच्या डेटाबेसला एआय जोडला.

"आता कोणाला शोधत फिरायचं नाही. आपल्या भाषेत टाइप करा, उत्तर हजर!"

*

उद्घाटनाला आबांनी कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या आमच्या लेकरान नवीन यंत्र हाडल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

"आणि कोणी काय इचारल्यान तर तेणी खोटा सांगा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सुहासचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पहिला प्रश्न पॅकिंगच्या सुमनकाकीने विचारायचा ठरला. आमच्याकडे भेटल्या भेटल्या कामाचं बोलायची रीत नाही. काकीने एका बोटाने टाइप केलं, "जेवलंस काय?"

उत्तर आलं, "मी जेवत नाही. पण मालाच्या साठ्याविषयी तुम्ही मला काहीही विचारू शकता."

काकीचा चेहरा पडला. "बघ गो बाय माझे, उपाशीपोटी कामाक बसवलो बापड्याक!"

*

दर मंगळवारी आचऱ्याच्या दुकानांतून सरबताच्या ऑर्डरी येतात. एका मंगळवारी एकही आली नाही. सुहासने एआयला विचारलं. एआयने दुकानांची नावं दिली आणि खाली लिहिलं, "या भागातील सर्व ग्राहकांनी एकाच वेळी खरेदी थांबवली आहे. ते दुसऱ्या कंपनीकडे गेले असावेत."

सुहासच्या तोंडचं पाणी पळालं. कोणाला काही न सांगता गाडीत सरबताच्या बाटल्या घालून तो थेट आचऱ्याला निघाला. तासाभराने आबांना फोन. "आबा, इथे काहीतरी भयंकर झालंय! सगळ्या घरांना कुलपं आहेत. कोंबडीसुद्धा दिसत नाही!"

आबा हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अरे झिला, गावपळण आसा ती! देवाचो कौल झालो काय सगळो गाव तीन दिवस गुराढोरांसकट वेशीभायर जाता. भायर झोपडे दिसतत काय बघ. आणि जेवल्याशिवाय येव नको!"

सुहास संध्याकाळी परतला तो झोपड्या-झोपड्यांतून घेतलेल्या ऑर्डरी आणि भरलेलं पोट घेऊन. आल्याबरोबर त्याने एआयला गावपळण नीट समजावून सांगितली. एआयने ती फारच मनावर घेतली!

पुढे दिल्लीच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर येईना. कारण विचारलं तर उत्तर आलं, "तिथे गावपळण असण्याची शक्यता आहे."

*

या सगळ्या गमतीत एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानातच आली नाही. आबांची केबिन रिकामी पडू लागली होती. जो तो आपल्या जागेवरून टाइप करायचा आणि कामाला लागायचा. दहाचा थर्मास भरलेला यायचा आणि बाराला जवळजवळ तसाच परत जायचा. आबा दार उघडं ठेवून बसायचे. बाहेर कोणाची चप्पल वाजली की मान वर करायचे.

एकदा ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "काय रे, बरा चल्लाहा मा?"

"होय आबा."

"बरा, बरा. आता माका कोण इचारता!" असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही. दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं आणि फार वाईट वाटलं.

*

आमचा ड्रायव्हर बाबी याला ते बघवेना. त्याने कोकम आगळाचे कॅन किती उरलेत हे मुद्दाम आबांनाही विचारलं आणि एआयलाही. मोजायला आम्ही सगळे गोदामात. एआयचं उत्तर बरोब्बर निघालं आणि आबांचा अंदाज साफ गडगडला! बाबी बिचारा ओशाळला. सुहाससुद्धा खाली बघायला लागला.

आबाच म्हणाले, "माझो अंदाज चुकलो खरो. पण माका इचारलास तर चाय तरी गावता!"

सगळे हसले. सुहास सोडून.

*

त्यानंतर आमचं नेट बिघडलं. रोज सकाळी दहाला जायचं आणि अर्ध्या तासाने यायचं. डेटाबेस आमच्याकडे असला तरी उत्तरं देणारा एआय बाहेर, त्यामुळे नेट गेलं की तो मुका. कामं तर थांबवून चालत नाहीत. मग काय, सगळे निघाले आबांच्या केबिनकडे! सुमनकाकी गेली, बाबी गेला, अकाउंट्सवाले गेले. थर्मास रिकामा होऊ लागला, मग दुसरा यायला लागला. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "ह्या नेटाचा काय खरा नाय!" आणि त्यांचा चेहरा नुसता फुललेला असायचा.

पण नेटची जबाबदारी माझी. नेट कंपनीचा माणूस येऊन लाइन तपासून गेला, त्याला दोष सापडेना. शेवटी एके दिवशी दहाच्या ठोक्याला मी स्वतःच जिन्याखाली राउटर बघायला गेलो.

तिथे सुहास उकिडवा बसला होता. राउटरचा प्लग त्याच्या हातात होता.

मला बघून तो दचकला. मग त्याने हळूच विचारलं, "आबांकडे कोण कोण आहे?"

"काकी आहे, बाबी आहे."

"दोघंच? मग तू पण जा," तो म्हणाला. "काहीतरी विचार!"