ज्याची पानं त्याच्या दारात

नोरिए तात्सुमी आमच्या गल्लीत एक्केचाळीस वर्षं राहते आहे आणि अजून ती "उत्तरेकडची नवी सून"च आहे. सासू जाऊन वीस वर्षं झाली, नवरा जाऊन नऊ, तिच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तरी नवी सून. क्योतोत हे असंच चालतं. शंभर वर्षांपूर्वी आलेल्या घरालाही इथे "हल्लीच आलेत" म्हणतात. मला सतराच वर्षं झाली, म्हणजे माझी मोजणी अजून सुरूच झालेली नाही.

नोरिएताई लोणच्याच्या दुकानात सलगम कापते. थंडी पडायला लागली की माणसाच्या डोक्याएवढाले पांढरे सलगम येतात, त्यांच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून मुरवायच्या असतात. तिची चकती डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा माणूस ओळखू येतो. बाई साधी. बोलणं कमी, मान हलवणं जास्त. कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच माफी मागेल. स्वतःसाठी तिने काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे जिझो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिझोदेवाचं छोटंसं देऊळ आहे. मूर्ती दगडाची, गुडघ्याएवढी, चेहरा झोपेतून उठलेल्या बाळासारखा. हा मुलांचा सांभाळ करणारा देव, म्हणून त्याच्या गळ्यात लाल लाळेरं बांधतात. मी रोज येता-जाता हात जोडते, मला त्याच्यापाशी बरं वाटतं. त्याचं पाणी, फुलं, लाळेरं हे सगळं पन्नासच्या वर वर्षं सोगाबेआजी करत आल्या. आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. यंदा त्यांची पाठ पार वाकली, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, की नोव्हेंबर संपायच्या आत देवाची सेवा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देणार. कुणाच्या, ते मात्र सांगितलं नाही.

एकदा नोरिएताई माझ्याकडे चहाला आली असताना खाली बघत म्हणाली, "मला मूल नाही झालं गं. या देवाचं लाळेरं एकदा तरी माझ्या हातचं असावं." एवढं बोलली, आणि लगेच यंदा सलगमांना कीड किती आहे ते सांगायला लागली.

आता आमच्या गल्लीतल्या झाडण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळी साडेसहाला प्रत्येक घरातून एक माणूस खराटा घेऊन बाहेर येतो आणि आपल्या दारापुढचं झाडतो. शेजाऱ्याच्या हद्दीत फक्त एक वीत जायचं. वीतभरही गेलं नाही तर तुम्ही चिक्कू. दोन विती गेलात तर त्याचा अर्थ, "तुमच्याकडून होत नाही, म्हणून मीच करते." असा अपमान इथे कुणी दहा-दहा वर्षं विसरत नाही. पहिल्या वर्षी मी हात सैल सोडून झाडलं होतं. शेजारच्या मुराईकाकांनी अजून त्याची आठवण काढलेली नाही, म्हणजे ती त्यांच्या नीट लक्षात आहे.

अशात नोव्हेंबरच्या मध्यावर नोरिएताईची थोरली बहीण आली. किसाआक्का. वय चौऱ्याहत्तर, आओमोरीला सफरचंदांची बाग, हात फावड्यासारखे, आवाज डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलत असल्यासारखा. क्योतोची लाल झाडं बघायला ती जन्मात पहिल्यांदा आली होती. येताना एक पेटी सफरचंदं आणि स्वतःचे बागेतले हातमोजे घेऊन आली. सहलीला हातमोजे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "रिकाम्या हाताने जावं काय कुठं?"

पहिल्या संध्याकाळी जेवताना नोरिएताईने बहिणीला जिझोचं सगळं सांगितलं. वर म्हणाली, "आक्का, एवढे दिवस जपून हं. आजी महिनाअखेरीला ठरवणार आहेत."

"तू कशाला काळजी करतीस?" आक्का म्हणाली. "मी आहे न्हवं!"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी खराटा घेऊन दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. मला वाटलं, माझं दार दुसऱ्याच कुठल्या गल्लीत उघडलं. परत उघडून बघितलं. देवळापासून टोकापर्यंत नोरिएताईच्या आणि बाकीच्या सातही घरांपुढे एक पान नाही. आदल्या संध्याकाळी देवळाजवळच्या गिंकोच्या झाडाची पिवळी पानं घोट्यापर्यंत आली होती. आता दगड न् दगड स्वच्छ, वर पाण्याचा सडा. आणि गल्लीच्या मधोमध खराट्यावर हनुवटी टेकून किसाआक्का उभी.

"साडेचारलाच उठले!" ती आनंदाने ओरडली. "म्हटलं, समद्यांचं करून टाकावं. देवापुढचं पण केलं!"

तेवढ्यात बाकीची दारं उघडली. सगळे आपापले खराटे घेऊन बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. झाडायला काही नव्हतं. पण झाडल्याशिवाय आत जायचं कसं? मुराईकाका आयुष्यभर बस चालवलेले, शिस्तीचे. त्यांच्या दारात कुंडीतलं एक मेपल आहे. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, कुंडी धरून झाड हलवलं, तीन पानं पाडली आणि ती तीन पानं अगदी सावकाश झाडली. सोगाबेआजींनी तेही केलं नाही. त्या पाठीत वाकून रोजच्यासारखं पाव तास नुसते दगड झाडत राहिल्या. शेवटी नसलेला कचरा सुपलीत भरला, सुपली नीट धरून आत नेली.

आत जाताना आक्कासमोर थांबल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "उत्तरेकडच्या माणसांच्या अंगात काय ताकद असते हो! आम्हाला लाज वाटली."

मग दार लावलं. दार लावल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, यावरून मला कळलं की आजी फारच रागावल्या आहेत.

"बघ, किती खूश झाल्या!" आक्का म्हणाली.

नोरिएताई एव्हाना उंबऱ्याशी आली होती. अंगात घरातलाच जाड कोट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिने गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि पायरीवर बसली.

"आक्का," ती म्हणाली, "तू सात घरांना आळशी म्हटलंस."

"मी? मी तर एक अक्षर बोलले न्हाई!"

मग आम्ही दोघींनी मिळून तिला ती वीतभराची गोष्ट सांगितली. आक्का ऐकता ऐकता हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा काढला, परत घातले.

"म्हंजे चांगलं केलं ते वाईट झालं? आमच्याकडं शेजाऱ्याच्या छपरावरचा बर्फ काढून दिला तर तो जेवायला घालतो."

"इथे नाही घालत," नोरिएताई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आक्काला ऐकायला वाकावं लागलं. "आता देव माझ्याकडे यायचा नाही. असू दे. संध्याकाळी मिठाईचे डबे घेऊन घरोघरी माफी मागून येते. तू फक्त काही करू नकोस. अजिबात काही करू नकोस."

एवढं बजावून नोरिएताई कामावर गेली. चूक इथे झाली. किसाआक्काला कुणी काही करू नकोस म्हटलं की तिला ते आजारपणासारखं वाटतं.

सकाळी झाडलेली सगळी पानं अकरा पिशव्यांत भरून तिने नोरिएताईच्या मागच्या अंगणात ठेवली होती. ती तिथे जाऊन बसली आणि तिला एक सरळ गोष्ट सुचली. लोकांची पानं घेतली म्हणून लोक रागावले. मग ज्याची त्याला परत द्यावीत, म्हणजे मिटलं.

तिने अकराही पिशव्या अंगणात ओतल्या. बागेत सफरचंदांची प्रतवारी करतात तशी दुपारभर ती पानांची प्रतवारी करत बसली. गिंकोची पिवळी एकीकडे, मुराईकाकांच्या मेपलची बोटभर लाल एकीकडे, सोगाबेआजींच्या दारातल्या काकीच्या झाडाची, ज्याला नारिंगी फळं लागतात, ती जाड तांबूस पानं वेगळी. गिंको देवळाचा, पण त्याची पानं पडतात सगळ्यांकडे, म्हणून त्यांचे दारांच्या रुंदीप्रमाणे सात वाटे.

चार वाजता नोरिएताई सात मिठाईचे डबे छातीशी धरून येत होती. मी तिला गल्लीच्या तोंडाशीच भेटले. देवळापुढे दोघी थांबलो, हात जोडले, आणि वळून बघतो तर गल्ली पुन्हा पिवळीधमक. प्रत्येक दारापुढे पानांचा एकेक बेतशीर गालिचा, अगदी हद्दीवर कापल्यासारखा, शेजाऱ्याकडे फक्त वीतभर गेलेला. आक्काने वीत मोजून घातली होती. कुठून तरी वाट चुकलेलं एक प्रवासी जोडपं त्याचे फोटो काढत होतं आणि मुराईकाकांना विचारत होतं, तिकीट कुठे मिळेल?

"आत्ता गं बया, आलीस?" आक्का ओरडली. "समद्यांचं देऊन झालं. एक पान ठेवलं न्हाई आपल्याकडं!"

नोरिएताईच्या हातातला सगळ्यात वरचा डबा घसरला. मी झेलला.

मुराईकाका आपल्या गालिच्याकडे वाकून बघत होते. "माझी लाल पानं एवढी नव्हती," ते म्हणाले. "माझं झाड केवढं, कुंडीतलं. ही चाळीस तरी आहेत."

"सदतीस," आक्का म्हणाली. "आन् तुम्ही सकाळी हलवून पाडली ती तीन."

मुराईकाका कानापर्यंत लाल झाले. म्हणजे पाहिलं होतं कुणीतरी! पण माणूस नेटका, त्यामुळे त्यांनी मोजायला सुरुवात केली.

तेवढ्यात सोगाबेआजींचं दार उघडलं. आजी काठी टेकत आपल्या पानांपाशी आल्या. काठीने एक पान उलटं केलं. दुसरं केलं. मग खाली वाकून एक उचललं, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "फार कष्ट घेतलेत हो. पण हे माझं नाही. माझ्या झाडाचं पान इतकं पसरट नसतं."

"तुमचंच हाय," आक्का म्हणाली. "पन्नास वर्षं झाडं संभाळते मी, आजी, पान बघून फांदी सांगते. हे दक्षिणेकडच्या फांदीचं. ऊन जास्त लागलंय त्याला."

"दक्षिणेकडची फांदी मी गेल्या वर्षी छाटली."

"मग चुकीची छाटली."

गल्लीत असं कुणी कुणाला बोलत नाही. मुराईकाकांची मोजणी एकोणिसावर थांबली. ते प्रवासी जोडपं जपानीच होतं, पण क्योतोचं नव्हतं, तरी त्यांनाही काहीतरी झाल्याचं कळलं. ते पाठ न दाखवता मागे मागे सरकत निघून गेले. मी मनात जिझोचं नाव घेतलं.

आजींनी झाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी जमिनीवर आपटली.

"नोरिए!"

एक्केचाळीस वर्षांत आजींनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "तात्सुमींकडच्या" म्हणायच्या, तेही हसून, मान झुकवून. नोरिएताई सहा डबे सांभाळत धावली.

"एवढी वर्षं इथे राहून घरात आलेल्या बहिणीला चार गोष्टी सांगता येत नाहीत तुला? काल रात्री काय तोंड शिवलं होतंस?"

"चुकलं, आजी."

"चुकलं काय! आणि तू स्वतः? तुझा खराटा रोज माझ्याकडे दोन बोटं कमी येतो. एक वीत म्हणजे एक वीत. इतकी वर्षं बोलले नाही मी. भितेस का मला?"

नोरिएताई नेहमी अशा वेळी "छे छे" म्हणते. त्या दिवशी तिच्याकडे बहुतेक त्याचं त्राण उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "भिते."

"मला भितेस, मग देवाचं कसं करणार? तो तर बोलतही नाही! उद्या सहाला ये. पाणी कसं बदलायचं ते तरी शिक. काही येत नसणार तुला." आणि आक्काकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण या. ती फांदी दाखवा मला."

आजी आत गेल्या. या खेपेला दार धाडकन वाजलं. आमच्या गल्लीत परक्या माणसासाठी कुणी दार आपटत नाही, हे मला सतरा वर्षांत कळलं आहे. नोरिएताईला ते माझ्या आधी कळलं असावं, कारण ती डबे छातीशी धरून पानांतच बसली आणि रडायला लागली.

"आता गं?" आक्का घाबरली. "रागावली का म्हातारी?"

"खूप रागावल्या," नोरिएताई नाक पुसत म्हणाली. "खूप!"

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाची वाट बघितली नाही. सहालाच देवळाच्या बाजूचं झाडायला गेले, उगाच. पलीकडे आक्का आजींच्या काकीच्या झाडावर अर्धी चढलेली, आणि खालून मुराईकाका तिला गाडी मागे घ्यावी तशा खुणा करत होते. देवापुढे आजी स्टुलावर बसल्या होत्या आणि एकेक सांगत होत्या. वाटी उजवीकडे. उजवीकडे म्हटलं ना. फुलाचा देठ तिरका काप, सलगम कापतेस ना जन्मभर? नोरिएताईचं "हो आजी" मी अकरा वेळा मोजलं.

"आणि हे लाळेरं बघ, विटलं. नवं शिवून आण. माझे डोळे गेले आता."

नोरिएताईने ओले हात कोटाला पुसले. मग हळूच विचारलं, "किती मोठं करू?"

"मला काय विचारतेस? त्याची मान मोज."

एक्केचाळीस वर्षं तिने लांबूनच हात जोडले होते. आता गुडघे जपत ती खाली बसली, खिशातून दोरा काढला आणि दगडी मानेभोवती दोन्ही हात नेले. मोजलं. दोऱ्याला गाठ मारली. गाठ सोडली आणि पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"कितीदा मोजतेस?" आजी म्हणाल्या. "वाढायचा नाही तो."