थोरल्याची सायकल

दादाला फोन करायला मला निमित्त हवं होतं, ही या सगळ्या खटाटोपातली खरी गोष्ट. बाकी लोकांना जे सांगत होतो त्या थापा. कुणी विचारलं की म्हणायचो, निवृत्त झालो, वेळ जात नाही, तेवढाच व्यायाम. दादाची जुनी सायकल दुरुस्त करायला घेतली तेव्हा मला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती आणि पाना कुठल्या बाजूनं धरायचा एवढीही अक्कल नव्हती. तालुक्याच्या कचेरीत जन्मभर कागद इकडचे तिकडे केले, दुसरं काय येणार?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईत नोकरी लागल्यावर त्यानं ही सायकल तिथल्या एका म्हाताऱ्याकडून जुनीच विकत घेतली होती. वाकड्या हँडलची, दहा गियरची, विलायती. एसटीच्या टपावर टाकून हमरस्त्यावरच्या कसालपर्यंत आणली आणि तिथून घरापर्यंत चालवत आला. अख्खी वाडी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जमली. आईनं हँडलला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "ह्या मेंढराची शिंगा उलटी कशी रे?" मला त्यानं ती एकदाच चालवायला दिली. मी ती थेट शेजारच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर नेऊन घातली. त्यानंतर तिला हात लावायची मला बंदी झाली ती झालीच.

सात वर्षांपूर्वी आई गेली. वैशाखातली पहाट होती. मी लग्न केलं नव्हतं, घरात आई आणि मी दोघंच. दादा फोन मिळताच मुंबईहून गाडी करून निघाला, पण हमरस्त्यावर कुठंतरी ट्रक उलटला होता आणि तो अडकला. इकडे लोक म्हणायला लागले, उन्हाळा आहे, किती वेळ ठेवणार, दिवस बुडायच्या आत व्हायला हवं. दुपारी चारला मी मान हलवली आणि थोरल्याच्या हातचा अग्नी धाकट्यानं दिला. दादा सहाला पोचला. ऊन अजून होतं. तो अंगणात उभा राहून एवढंच म्हणाला, "माझी वाट बघूक नाय तू." तेरावं होईपर्यंत राहिला, सगळं नीट केलं, माझ्याशी मात्र बोलला नाही. मग गेला तो गेला. मीही फोन केला नाही. आधी राग होता, कारण चार माणसांच्या दडपणाखाली मी काय करणार होतो? मग राग गेला आणि लाज उरली. लाज काही जाईना.

कचेरी होती तोवर दिवस निघून जायचे. निवृत्त झाल्यावर घर अंगावर यायला लागलं. काही दिवशी माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायचा तो सकाळी दहाला, मासे घेताना. मासे वाट्यानं विकतात, आणि एक वाटा एका माणसाला संपत नाही. अर्धा मागितला की मासेवाली माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अर्धो वाटो खंय आसता?" चेष्टाच करायची बिचारी, पण मला ते लागायचं. मग मी अख्खा वाटा घ्यायचो आणि दोन दिवस तेच कालवण गरम करून खायचो.

दिवाळी झाल्यावर एकदा माळ्यावर कौलं बघायला चढलो आणि गोणपाटाखाली सायकल दिसली. खाऱ्या वाऱ्यानं तिची पार रया गेली होती. चेन एका जागी गोठलेली, टायरचा भुगा, सीटची नळी जाम. तिथं बसल्या बसल्याच माझ्या मनात आलं की ही चालती झाली तर दादाला कळवता येईल. त्याची वस्तू आहे, कळवायलाच हवं. त्यात मी काही माफी मागत नव्हतो की काही नाही. नुसतं कळवायचं.

खाली उतरवली आणि ओटीवर मांडली. मोबाइलवर एक गोरा माणूस सायकल खोलून दाखवायचा. त्याचे हात भराभर चालायचे, माझे चालायचे नाहीत. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे मला तीन दिवसांनी कळलं, तोवर मी ते जीव खाऊन आणखी घट्ट करत होतो. नवे टायर मागवले तर कुरियरवाला म्हणाला, आमची गाडी कसालच्या पुढे येत नाही. जाऊन घेऊन आलो. गंज काढता काढता नखं काळी झाली, पाठ धरली, आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की आज दिवसभरात मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. बरं वाटलं. पण ते सांगायला कुणी नव्हतं, हेही लगेच लक्षात आलं.

तो गोरा माणूस प्रत्येक भागाला वेगळं तेल सांगायचा. मला ते थेर वाटले. आमच्याकडे बिजागरी करकरली की खोबरेल, कुलूप अडकलं की खोबरेल, कान दुखला तरी खोबरेलच. घरच्या माडांचे नारळ, घाण्यावर काढून आणलेलं तेल, त्याहून चांगलं तेल जगात असतं यावर माझा विश्वासच नव्हता. मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये, मी वाटीभर ओतलं. त्याच्या आत दोन खिट्या असतात, कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात. पेडल मारलं की ते कुत्रे चाकाला पकडतात आणि सायकल पुढे जाते.

पौषात एका दुपारी ती चालली. खाडीच्या रस्त्यानं मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. हँडलवर वाकून बसल्यानं कंबर बोंबलत होती, तरी मी हसत होतो, एकटाच. ठरवलं, उद्या सकाळी देवळापर्यंत फेरी मारायची आणि मग दादाला फोन.

सकाळी टांग मारली, पेडल मारलं, आणि पाय नुसतेच गरगरा फिरले. सायकल जागची हलेना. समोरून दुधाचा कॅन घेऊन चाललेला शेजारी गंभीर चेहऱ्यानं बघून गेला, ते हसण्यापेक्षा वाईट. मी चिडून सायकल ढकलत बाजारातल्या सायकलवाल्याकडे नेली. तो उठून, चहा घेऊन, दुकान उघडून येईस्तोवर साडेअकरा वाजले. त्यानं चाक उचललं, फिरवलं, स्वतः चालवून बघितली.

"बरी आसा मरे! तुमचाच कायतरी चुकता."

मीही चालवली, चालली. घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दुपारी चालते, सकाळी चालत नाही. असं आठवडाभर झालं. वाडीत मग सल्ल्यांना ऊत आला. एकानं तर तिची दृष्ट काढायला सांगितलं, आणि खरं सांगतो, मी मीठमोहऱ्या हातात घेतल्याही होत्या.

शेवटी मी सायकलीवर इतका वैतागलो की दादाची भीती मागे पडली. सकाळीच ओटीवर बसून फोन लावला. चार वेळा वाजला.

"बोल," तो म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता.

मी कसा आहेस वगैरे काही म्हटलंच नाही. "दादा, मागचा चाक सकाळी पकडना नाय. दुपारी पकडता."

"खंयची सायकल?"

"तुझी."

 मला वाटलं, फोन ठेवतो आता. मग म्हणाला, "फ्रीव्हीलात तेल खंयचा घातलंस?"

"खोबरेल."

"घरचा?"

"घरचाच."

"अरे खुळ्या," तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. "थंडीत खोबरेल थिजता मरे! डोक्याक लावची बाटली सकाळी उन्हात ठेवतंस मां? मगे चाकात ऊन खंयसून येतला? ते कुत्रे आत चिकटान बसले आसतले!"

समोर पायरीवर माझी बाटली उन्हात ठेवलेलीच होती. आत पांढरं घट्ट तेल. रोज सकाळी मी ती तिथं ठेवत होतो आणि शेजारी बसून चाकाला शिव्या घालत होतो. मीही हसलो. सगळा काढ, रॉकेलानं धू, मशीनचं पातळ तेल घाल, असं तो सांगत गेला आणि मी होय होय म्हणत गेलो. मग सांगायचं संपलं. 

"आवशीचा तोंड कसा होता रे?" त्यानं आईचं विचारलं. "शेवटाक."

सात वर्षं मी उत्तरं तयार करून ठेवली होती. उन्हाळा किती होता, कोण कोण काय म्हणालं, मी किती वेळा रस्त्यावर जाऊन बघून आलो. त्यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. शांत होतं, असं सांगणार होतो, सगळे तसंच सांगतात. पण त्याला ते मला सांगवेना.

"थोडा उघडा होता," मी म्हटलं. "माका मिटूक जमला नाय. दोनदा बघलंय. मगे रुमालान बांधलंय."

"तेवा कोण होता तुझ्यावांगडा?"

"कोण नाय. मी एकटोच. लोक मगे इले."

 तो हळू म्हणाला, "मी गाडीत बसान म्हणा होतंय, तुमी सगळे थंय एकत्र आसात, मीच तेवढो एकटो."

 सायकलीच्या चाकाला धरून मी रडलो, आईच्या वेळीही रडलो नव्हतो इतका. पलीकडे तोही नाक ओढत होता. त्यानं फोन ठेवला नाही.