आक्का, आज केर नको

"न्हाय आक्का, आज केर नको. माणूस घराभाईर पडलंय, वाट पुसू न्हाय."

एवढं बोलून ती खराटा भिंतीला टेकवायची. आमच्या हिंडलग्याच्या गल्लीत चार घरची झाडलोट करणारी बाई. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. सगळे तिला खुळी म्हणतात आणि तिच्यावाचून कुणाचं चालत नाही.

माझा थोरला फौजेत. सुट्टीवर आला आणि चौथ्याच दिवशी बोलावणं आलं, तडक सरहद्दीवर. माणूस गावाला गेलं की लगेच केर काढू नये, हे आपण सगळ्याच जणी पाळतो, पण किती? तासभर! हिनं तो परत येईपर्यंत झाडायचं नाही असंच ठरवलं. अंगणात फणसाच्या पानांचा खच. टीव्हीवर दिवसभर लढाईचा आरडाओरडा, आणि पोराचा फोन लागेना. ही पायरीवर चहा पीत म्हणायची, "यील की ओ. वाट हाय तशी हाय न्हवं?"

शेजारीण टोमणा मारायची, "कामवाली ठेवलीसा का पावणी, आक्का?"

एकदा पाहुणे यायचे होते. लाजेखातर मीच अंगण लख्ख झाडलं. ती आली, बघितलं आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. मग उकिरड्यावरनं बुट्टीभर पानं आणली आणि पुन्हा पसरत बसली. "हितं दोन जास्त हुती," म्हणत एकेक लावली.

मी चिडले. "खुळे, पानांनी गोळी अडतीया व्हय गं?"

"मग टीव्हीनं अडतीया व्हय?"

त्या दिवसापासून मी टीव्ही लावला नाही. खराट्यालाही हात लावला नाही.

थोरला आला. लंगडत, पण आला. तिनं हसत हसत अंगण झाडायला घेतलं. मग त्यानं सांगितलं, बरोबर गेलेला कडोलीचा दोस्त उरला नाही.

तिचा हात थांबला. "त्योबी गेलाता? मला का न्हाय सांगितलासा, आक्का? त्येच्या घरच्यांनी अंगण झाडलं असंल की ओ. मी जाऊन सांगितलं असतं."

मला ठाऊक होतं, तोही सरहद्दीवर गेलेला. सांगायचं सुचलं नव्हतं. माझ्या पोरापलीकडं मला काही दिसतच नव्हतं.

त्यानंतर ती कुणाच्या पायरीवर बसली नाही. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिला उचलल्याबरोबर बायकांनी रिवाजाप्रमाणं घर झाडायला केरसुणी घेतली. मी ती हिसकावून घेतली.

"ऱ्हाऊ दे गं. आत्ताच भाईर पडलीया."

"म्हातारी खुळावली," मागनं कुणीतरी म्हणालं.