आधी पकड, मग करवत

सातपूरच्या एमआयडीसीत ढुंढिराज गायधनींचं वर्कशॉप शोधायला कुणाला प्लॉट नंबर लागत नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, की तो हातातली किटली खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं दाखवतो आणि सांगतो, जिथं एक बाई कोपरापर्यंत तेलात हात घालून बसलेली दिसेल, तेच. ती बाई म्हणजे उज्वला वारुंगसे.

उज्वला घोटीजवळच्या खेड्यातली. दहावी झाल्यावर तिनं आयटीआयला फिटरच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा वर्गात बावीस मुलगे आणि ही एकटी. पुढं लग्न होऊन ती सातपूरला आली. नवरा हर्षल एका कारखान्यात पाळीवर जाणारा. मुलगी सृष्टी बालवाडीत जायला लागली आणि उज्वला काम शोधत गायधनींच्या दारात उभी राहिली. फिटरची जागा नव्हती. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला माणूस हवं होतं. उज्वलानं ओढणी कमरेला बांधली आणि धुवायला बसली.

दोन महिन्यांत ती धुता धुता बोलायला लागली. या वॉल्व्हच्या पोटात ओरखडा आहे, हे सील कडक झालंय, ही स्प्रिंग दमलीय. ढुंढिराज मूळचे पंचवटीतले, घराणं यात्रेकरूंच्या वंशावळ्या सांभाळणारं. त्यांनी तरुणपणीच पोथ्या भावाकडं सोपवून पाना हातात घेतला होता. माणसाची सात पिढ्यांची नोंद ठेवणाऱ्या घरातला हा गृहस्थ, त्यामुळं कोण काय बोलतंय ते नीट ऐकायची सवय होती. त्यांनी भिंग लावून पाहिलं. ओरखडा खरंच होता, केसाएवढा. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुवायला दुसरं माणूस पाहिलं आणि उज्वलाला टेस्ट बेंचवर उभं केलं.

टेस्ट बेंच म्हणजे पंप, तेलाची टाकी, चार गेज आणि नळ्यांचं जंजाळ. दुरुस्त केलेला वॉल्व्ह त्यावर चढवायचा, दाब द्यायचा आणि तो दाब धरतो का ते बघायचं. ढुंढिराजांनी तिला आकृत्या वाचायला शिकवलं. सगळ्यांना ते जड जायचं, उज्वलाला गेलं नाही. भाताच्या खाचरात वाढलेल्या पोरीला वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्यात कधी सोडायचं, कुठला बांध फोडायचा आणि कुठला बुजवायचा हे शिकवावं लागत नाही. तिच्या हिशेबी तेल म्हणजे पाणीच, फक्त फार घाईत असलेलं. अकरा वर्षं ती त्या बेंचवर होती, आणि तिनं 'ठीक' असा शेरा मारून पाठवलेला वॉल्व्ह परत आला नव्हता.

मग एक दिवस कारभारी काकळीज आले.

कारभारी नांदगावचे. घरची शेती, त्यात पोकलेनचा धंदा. त्यांनी बाहेरून आलेला एक जुना पंजा विकत घेतला होता, झाडं कापायचा. पोकलेनच्या हाताला बकेटच्या जागी तो पंजा बसवायचा. दोन लोखंडी हात झाडाला कवटाळतात, बुडाशी साखळीची करवत फिरते आणि कापलेलं झाड पंजा अलगद उचलून आडवं ठेवतो. निलगिरीच्या खाजगी लागवडीत दहा माणसांचं काम एकटं यंत्र करतं. कारभारींची तक्रार अशी, की पंजा मधूनच ढिला पडतो. त्यांनी वॉल्व्हचा ठोकळा सोडवून आणला होता, नव्या सुनेचे दागिने आणावेत तसा टॉवेलात गुंडाळून.

उज्वलानं तो उघडला, धुतला, सीलं बदलली आणि बेंचवर चढवला. गेजचा काटा जिथं नेला तिथं दहा मिनिटं हलला नाही. तिनं कागदावर 'ठीक' लिहून सही केली. कारभारी खूष होऊन गेले.

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला तो ढुंढिराजांना. घोटीच्या पुढं एका लागवडीत पंजानं कापलेलं झाड उभ्या उभ्या सुटलं आणि केबिनच्या काचेपासून दोन हातांवर पडलं. आत ऑपरेटर अमित होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण तो तासभर बांधावर नुसता बसून होता म्हणे. कारभारींचं म्हणणं, वॉल्व्ह तर तुमच्याकडून ठीक होऊन आला, म्हणजे पोरानंच चुकीचं बटण दाबलं. महिनाअखेरीस त्याला काढून दुसरा बघतो. फोन केला तो फक्त कागदाची एक प्रत मागायला. तो कागद दाखवून ते अमितला घरी पाठवणार होते.

ढुंढिराजांनी हे सगळं उज्वलाला सांगितलं. त्या दिवशी तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. संध्याकाळी हर्षलनं विचारलं तर म्हणाली, कागद माझा आहे. कागदावर सही माझी आहे.

"मग जाऊन बघ ना," हर्षल म्हणाला. "रविवारी मला सुट्टी आहे. गाडी काढतो."

रविवारी सकाळी सहाच्या आधीच दोघं मोटरसायकलवरून निघाले. सृष्टी आजीकडं राहिली. घोटी ओलांडून आत वळलं की उज्वलाचा मुलूख. वाटेत दोन ओळखीच्या बायकांनी थांबवून चौकशी केली. माहेरी न जाता ही पोकलेन बघायला चाललीय म्हटल्यावर त्यांनी हर्षलकडं जरा काळजीनंच पाहिलं.

अमित तिशीतला, शांत गडी. काढून टाकणार हे त्याला कळलं होतं, तरी काम सोडून गेला नव्हता. तो एवढंच म्हणाला, की बटणाला त्याचं बोट लागलंच नव्हतं, पण कोण ऐकणार. उज्वलानं विचारलं, पंजा ढिला कधी पडतो? अमितनं डोकं खाजवलं. सकाळी कधीच नाही. पडला तर दुपारच्या भाकरीच्या आसपास.

उज्वलानं ते मनात ठेवलं आणि बांधावर बसली. यंत्र झाडाला कवटाळायचं, करवत किंचाळायची, झाड आडवं व्हायचं. निलगिरीचा औषधी वास सगळीकडं पसरला होता. दर अर्ध्या तासानं ती यंत्र थांबवायला सांगायची आणि तेलाच्या नळीवर तळहात ठेवायची. आठला नळी गार होती. साडेनऊला कोमट. साडेअकराला तिनं हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

ती तिथंच उभी राहिली. वर्कशॉपमध्ये ती वॉल्व्ह तपासायची तेव्हा टाकीतलं तेल गार असायचं. पंप चालू करायचा, दहा मिनिटं बघायचं, बंद करायचा. गार तेल घट्ट. गाईच्या तुपासारखं. बारीक फट असली तरी गार तेल तिच्यातून जात नाही. पण चार तास राबून तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं, आणि पाण्याला वाट कोण दाखवतं? अकरा वर्षं ती गार तेलावर 'ठीक' लिहीत आली होती. बाकीच्या वॉल्व्हना चाललं, कारण ते ट्रॉली उचलायचे, बकेट वाकवायचे. जरा ढिले पडले तरी माणसाच्या अंगावर काही येत नव्हतं.

तिनं अमितला यंत्र बंद करायला लावलं आणि वॉल्व्ह उतरवून घेतला. तेवढ्यात कारभारी आले. काम बंद दिसल्यावर त्यांचा आवाज चढला. उज्वलानं त्यांना सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "भाऊ, चूक अमितची नाही. माझी आहे. मी गार तेलावर तपासून कागद दिला."

कारभारींना असं काही ऐकायची सवय नव्हती. धंद्यात चूक नेहमी दुसऱ्याची असते. ते जरा गोंधळले आणि त्यांनी विचारलं, "मग आता काय म्हणता ताई?"

"हा वॉल्व्ह मी घेऊन जाते. गुरुवारी तुम्ही दोघंही या. डोळ्यांनी बघा."

परतताना ती मागच्या सीटवर तो ठोकळा मांडीवर धरून बसली. हर्षल म्हणाला, पहिल्यांदाच माहेराकडून भाताचं पोतं न आणता लोखंड आणतेयस.

सोमवारी तिनं ढुंढिराजांना सांगितलं. बेंच त्यांनी स्वतः बांधलेला, तपासायची पद्धतही त्यांचीच. ते म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी गार तेलावर तपासतोय. तू अकराच वर्षं. माझी चूक मोठी आहे." आणि त्यांनी उठून स्वतः शटर पूर्ण वर केलं, कारण आज आत उकडणार होतं.

तेल तापवायला वेगळा हिटर नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. तेलाला दाब देऊन एका अरुंद वाटेतून पुन्हा पुन्हा पळवलं, की ते आपलं आपण तापतं, गर्दीत ढकलाढकली करणाऱ्या माणसासारखं. गुरुवारी कारभारी आणि अमित आले तेव्हा पंप तासभर घरघरत होता आणि तेल पासष्ट अंशांवर गेलं होतं. उज्वलानं दाब दिला. काटा वर गेला, थांबला. कारभारी म्हणाले, धरला की. उज्वलानं बोटानं थांबा म्हटलं. काटा हलला. आधी एक रेघ, मग दोन, आणि मग निवांतपणे खाली घसरत गेला.

अमितनं नुसता श्वास सोडला. कारभारींनी त्याच्याकडं पाहिलं, मग गेजकडं, मग पायातल्या बुटांकडं.

दोष सापडला तो ठोकळ्याच्या आत, पकड धरून ठेवणाऱ्या झडपेत. पंजानं झाड पकडलं, की ही झडप तेल आत कोंडून ठेवते, म्हणजे करवतीनं पंपाचं सगळं तेल ओढून घेतलं तरी पकड सुटत नाही. ती झडप जिथं टेकते तिथं एक पुसट रेघ होती. उज्वलानं ती बारीक पावडरीनं घासून काढली, बोटांच्या टोकांनी, अर्धा दिवस. पुन्हा गरम तेलावर चढवली. या वेळी काटा तासभर ढिम्म हलला नाही.

इथं काम संपलं असतं. पण उज्वलाच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. तिनं आकृती काढून ढुंढिराजांपुढं ठेवली. पंजा आणि करवत, दोन्हींना एकाच वेळी तेल मिळत होतं. ऑपरेटरनं घाईत दोन्ही बटणं दाबली तर पकड पक्की व्हायच्या आत करवत सुरू. तिला मधे एक छोटा वॉल्व्ह घालायचा होता. पकडीचा दाब पुरता झाल्याशिवाय करवतीकडं तेलच जाणार नाही असा. ढुंढिराजांनी आकृती पाहिली, एक नळी इकडची तिकडं केली आणि हो म्हणाले.

कारभारी मात्र नाय म्हणाले. एका झाडामागं दोन सेकंद जातील. दिवसाला तीनशे झाडं. त्यांनी तोंडी गणित मांडलं आणि झडप दुरुस्त झालीय तेवढं बास झालं म्हणून सांगितलं.

उज्वला वॉल्व्ह पुसत होती. "भाऊ, या यंत्रावर तुमचा मुलगा बसणार असता तर?" तिनं विचारलं.

कारभारींचा मुलगा सोमनाथ पुण्यात शिकत होता आणि यंत्रावर बसणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. तरी ते पुन्हा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. शेवटी म्हणाले, "टाका ताई. दोन सेकंदांनी काय मरत नाय माणूस." आणि मग आपणच काय बोललो ते कळून जरा ओशाळून हसले.

वॉल्व्ह बसवायला उज्वला स्वतः गेली. पहिले दोन दिवस अमितला नवी चाल जमेना. बटण दाबलं की करवत लगेच किंचाळायची सवय, आता क्षणभर थांबावं लागे. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या निलगिरीला पंजानं कवटाळलं आणि करवत सुरूच होईना. अमितनं दोनदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. यंत्र अडकलं म्हणून उतरून त्यानं उज्वलाला फोन लावला. ती म्हणाली, पंजाकडं बघ, हात किती आत गेलेत? अमितनं पाहिलं. लोखंडी हात खोडात रुतत चालले होते. साल बाहेरून टवटवीत, पण आतून वाळवीनं सगळा भुसा केला होता. पकडायला काही नव्हतंच, म्हणून दाब चढत नव्हता, म्हणून करवत थांबली होती. त्यानं पंजा सोडवला, यंत्र लांब घेतलं आणि ते झाड दोरानं ओढून पाडलं. मधूनच मोडलं ते.

त्यानं कारभारींना सांगितलं. कारभारी येऊन तो पोकळ बुंधा बघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या पोकलेनसाठी घेतलेल्या पंजाचा वॉल्व्ह सातपूरला आला, टॉवेलात गुंडाळून, आणि सोबत निरोप, की यालाही तसंच करा, दोन सेकंदांचं.

आता गायधनींच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक वॉल्व्ह गरम तेलावर तपासला जातो. एका कामाला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात आत बसवत नाही, आणि चहावाल्याची ताकाची विक्री वाढलीय. ढुंढिराज प्रत्येक कागदावर तेलाचं तापमान लिहायला लावतात.

लागवडीचं काम संपत आलं तेव्हा उज्वला एकदा सगळं ठीक आहे ना ते बघायला गेली. सृष्टीही बरोबर होती. रानात पाच-सहाच झाडं उरली होती. कापलेल्या बुंध्यांना आत्तापासूनच लालसर कोंब फुटले होते. निलगिरीचं तसंच असतं. अमित केबिनमधून उतरला आणि म्हणाला, ताई, एक झाड तुम्ही कापा.

उज्वला नको म्हणाली. तिनं हजारो वॉल्व्ह उघडले होते, पण लिव्हरच्या या बाजूला ती कधी बसली नव्हती. सृष्टीनं तिला अक्षरशः ढकललं. अमित दाराशी उभा राहून सांगत होता, सावकाश, घाई नाही. तिनं लिव्हर पुढं सारली. दूरवर पंजा उघडला, झाडाशी गेला, तिनं दोन्ही बटणं दाबली आणि तो मिटला. तिच्या तळहाताला बारीकशी थरथर जाणवली. तेल आत चाललं होतं. कुठल्या वाटेनं, कुठल्या झडपेतून, तिला सगळं दिसत होतं. एक क्षण सगळं थांबलं. मग करवत सुरू झाली.

झाड हललं, उभंच राहिलं, आणि पंजाच्या कवेत हळूहळू कलत गवतावर आडवं झालं, झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसं. सृष्टी लांबून दोन्ही हात हलवत होती.

उज्वलानं काच सरकवून डोकं बाहेर काढलं आणि अमितला विचारलं, "अजून एक कापू का?"