चारुदत्तचं लाल बटण

आमच्या खालच्या मजल्यावरचा चारुदत्त पुण्याची नोकरी सोडून रत्नागिरीला परत आला, तेव्हा "डोकं फिरलंय तुझं" असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. पुढे त्याने गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी अ‍ॅप केलं आणि मी गप्प बसलो. फोनवरचं लाल बटण दाबलं, की शेजाऱ्याच्या आणि मुंबईतल्या मुलाच्या फोनवर भोंगा वाजायचा. चष्मा शोधा, नंबर शोधा, ही भानगडच नाही.

या अ‍ॅपच्या पोटात दुसऱ्या कुणीतरी बनवलेली एक लायब्ररी, म्हणजे भोंगा पोचवणारा तयार प्रोग्राम, होती. फोनची सिस्टीम बदलली, की ती नीट जोडली जाते ना, हे बघावं लागतं. चारुदत्त बघायचा, पण खणातल्या जुन्या फोनांवर. आपल्याकडे मुंबईकर स्वतःला नवा फोन घेतो आणि गणपतीला येताना जुना आईबापासाठी आणतो. "म्हाताऱ्यांच्या हातात कोरा फोन येणार कुठून, काका?" तो म्हणायचा. मलाही ते पटायचं.

यंदा त्याच्या शाळेतल्या संदेशने मुंबईहून बापासाठी, म्हणजे आप्पांसाठी, कोरा फोन आणला. अ‍ॅप चढवलं, लाल बटण दाखवलं. दाबून मात्र बघितलं नाही, उगाच भोंगा वाजायचा आणि शेजारच्या गोदाकाकू धावत यायच्या म्हणून.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी पेपर मागायला खाली गेलो, तर चारुदत्त संगणकासमोर.

"काका, नव्या सिस्टीमचा एक फोन आलाय. लायब्ररी जोडलीच जात नाही. लाल बटण दाबलं, की अ‍ॅपच बंद."

त्या फोनवरून बिघाडाचे अहवाल येत होते. नाव नाही, गाव नाही. फक्त फोनचं मॉडेल आणि वेळ. सात पन्नास. सात बावन्न. पुन्हा सात पंचावन्न.

"कुणीतरी चिकाटीने तपासतंय," तो हसून म्हणाला. मीही हसलो. आम्ही चहा घेतला. नऊ वाजून दहा मिनिटांनी सतरावा अहवाल आला, मग एकही नाही. दुपारपर्यंत त्याने लायब्ररी नव्याने बांधून दुरुस्त अ‍ॅप सगळ्यांना पाठवलंसुद्धा.

संध्याकाळी मी तिथेच असताना संदेशचा फोन आला, तो चारुदत्तने स्पीकरवर घेतला. गोदाकाकूंना आप्पा पडवीत मेलेले सापडले होते. हार्ट अटॅक. सकाळीच आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

"फोन हातातच होता रे, चारू," संदेश रडत होता आणि चिडलाही होता. "बटण दाबलंच नाय त्यांनी. जन्मभर हट्टी. मरताना पण माझं ऐकलं नाय."

चारुदत्तने मॉडेल विचारलं. सकाळच्या अहवालांतलं मॉडेल तेच होतं. मी बोटाने खूण केली, गप्प बस. हो, मीच केली. बैल गेला आणि झोपा केला. आता सांगून आप्पा थोडेच परत येणार होते?

त्याने माझ्याकडे पाठ केली.

"संदेश, आप्पांनी तुझं ऐकलं होतं," तो म्हणाला. "सतरा वेळा दाबलं त्यांनी. मी इथे बसून मोजत होतो."